ट्रकचा ‘सेफ्टी डेटा’ म्हणजे काय? तो फोनवर कसा बघायचा, कसा सांभाळायचा?

पुण्यात टू-व्हीलर चालवणाऱ्या जवळपास प्रत्येकाला एक जागा माहीत आहे, जिथे हात आपोआप ब्रेकवर जातो आणि नजर आरशात. नवीन कात्रज बोगद्यातून नवले पुलाकडे येणारा महामार्गाचा उतार. २० नोव्हेंबर २०२२ च्या रात्री याच उतारावर एका जड मालवाहू वाहनाचा ताबा सुटला आणि ४८ वाहनांचं नुकसान झालं. चालकाने डिझेल वाचवायला उतारावर इंजिन बंद केलं होतं, अशी माहिती पोलिसांच्या प्राथमिक तपासात पुढे आली. १३ नोव्हेंबर २०२५ ला त्याच पट्ट्यात एका कंटेनरच्या भीषण अपघातात ८ जणांचा जीव गेला.

अशा अपघातानंतर चर्चा होते ती रस्त्याच्या उताराची, रंबलरची, वेगमर्यादेची. ती व्हायलाच हवी. पण मला टेक्नॉलॉजीच्या बाजूने एक प्रश्न पडतो. आजचा ट्रक चालताना भरपूर माहिती तयार करतो. ब्रेक किती वेळा दाबला, इंजिन चालू होतं का, पासिंग कधी संपतंय, ड्रायव्हर किती तास जागा आहे. ही माहिती जाते कुठे, आणि ती बघतं कोण?

आज तेच समजून घेऊया. तुमच्या घरी एखादा टेम्पो असेल, तुम्ही ट्रान्सपोर्ट ऑफिसात काम करत असाल, किंवा रोज ट्रकच्या शेजारून गाडी चालवत असाल, तिघांनाही हे उपयोगी पडेल.

सेफ्टी कम्प्लायन्स डेटा म्हणजे काय?

सोप्या भाषेत सांगायचं तर गाडी, ड्रायव्हर आणि मालक हे तिघे सुरक्षेचे नियम पाळतायत याचा पुरावा म्हणजे हा डेटा. मी त्याचे तीन भाग करतो.

- तारखांचा डेटा: कोणता कागद कधी संपतो.
- वागणुकीचा डेटा: गाडी रस्त्यावर कशी चालवली जाते.
- तब्येतीचा डेटा: ब्रेक, टायर, स्टिअरिंग आज कसे आहेत.

बहुतेक ठिकाणी पहिला भाग सांभाळला जातो, कारण तो नसेल तर चलन येतं. दुसरा भाग गोळा होतो, पण वाचला जात नाही. तिसरा मिस्त्रीच्या डोक्यात असतो. नवले पुलासारख्या उतारावर मात्र दुसरा आणि तिसरा भागच कामाला येतो.

भाग १: तारखांचा डेटा

माल वाहणाऱ्या गाडीला साधारण एवढ्या तारखा पाळाव्या लागतात:

- फिटनेस सर्टिफिकेट, म्हणजे आपल्या भाषेत पासिंग. नवीन गाडीला २ वर्षं. गाडी ८ वर्षांची होईपर्यंत दर २ वर्षांनी, त्यानंतर दरवर्षी.
- विमा. थर्ड पार्टी विमा मोटार वाहन कायदा १९८८ नुसार सक्तीचा आहे.
- पीयूसी. बीएस-४ आणि बीएस-६ गाड्यांना १ वर्ष, त्याआधीच्या गाड्यांना ६ महिने.
- परमिट. साधारण ५ वर्षं. नॅशनल परमिट असेल तर त्याचं ऑथरायझेशन दरवर्षी.
- रोड टॅक्स.
- ड्रायव्हरचं लायसन्स. ट्रान्सपोर्ट लायसन्सची मुदत २०१९ च्या दुरुस्तीनंतर ५ वर्षं झाली. धोकादायक माल वाहणाऱ्यांसाठी ती ३ वर्षं आहे.
- स्पीड गव्हर्नर आणि लोकेशन ट्रॅकर असेल तर त्यांची सर्टिफिकेटं आणि रिचार्ज.

यातली पासिंगची तारीख सगळ्यात महत्त्वाची. कायद्याच्या कलम ५६ नुसार फिटनेस नसलेली ट्रान्सपोर्ट गाडी वैध नोंदणी असलेली मानलीच जात नाही. म्हणजे एक तारीख चुकली की नुसता दंड होऊन सुटत नाही. अपघात झाला तर विम्याच्या दाव्यापर्यंत अडचण जाते.

चाकणला माझ्या मित्राच्या वडिलांच्या ७ गाड्या आहेत. काकांकडे या सगळ्या तारखा भिंतीवरच्या कॅलेंडरवर, लाल पेनने गोल करून. ७ गाड्यांच्या प्रत्येकी ६ तारखा म्हणजे ४२, वर ८ ड्रायव्हरांची लायसन्स. झाल्या ५०. आणि ३१ डिसेंबरला कॅलेंडर बदललं की पुढच्या वर्षीचे गोल परत काढायचे!

ही माहिती फोनवर कुठे बघायची?

सरकारी बाजूला दोन मोठे डेटाबेस आहेत. गाड्यांसाठी ‘वाहन’ आणि लायसन्ससाठी ‘सारथी’. दोन्ही एनआयसीने बनवलेत. तुमच्या फोनवरचं ‘एमपरिवहन’ ॲप याच डेटाबेसमधून माहिती आणतं.

१. ॲपमध्ये मोबाईल नंबर टाकून लॉगिन करा.
२. आरसीच्या पर्यायात गाडीचा नंबर टाका. पुण्याची गाडी असेल तर एमएच-१२, पिंपरी-चिंचवडची असेल तर एमएच-१४ ने सुरू होणारा.
३. फिटनेस, विमा आणि पीयूसी कधीपर्यंत आहे ते स्क्रीनवर दिसेल. मालकाचं नाव पूर्ण दिसत नाही, काही अक्षरं झाकलेली असतात. ते योग्यच आहे.
४. गाडी तुमची असेल तर व्हर्च्युअल आरसी तयार करून ठेवा.

‘एमपरिवहन’ आणि ‘डिजिलॉकर’मधले कागद मूळ कागदांइतकेच ग्राह्य धरावेत, अशी नियमात दुरुस्ती २०१८ मध्ये झाली आहे. पण लक्षात घ्या, त्या कागदाचा फोटो गॅलरीत असणं वेगळं आणि ॲपमधून थेट उघडलेला कागद वेगळा. नाक्यावर ॲपमधलाच दाखवायचा.

एक छोटी पण महत्त्वाची गोष्ट. ई-चलन आणि मुदतीचे मेसेज ‘वाहन’मध्ये नोंदलेल्या मोबाईल नंबरवर जातात. अनेक गाड्यांना एजंटचा किंवा जुना बंद पडलेला नंबर असतो. मग मेसेज जातो, पण मालकाला कळत नाही. सगळ्यात आधी तो नंबर अपडेट करा.

५० तारखा एका शीटमध्ये कशा बसवायच्या?

१० गाड्यांपर्यंत महागडं सॉफ्टवेअर लागत नाही. गूगल शीट पुरतं. काकांच्या ऑफिसात मी दोन रविवार बसून हेच केलं.

- एका ओळीत एकच कागद. ‘गाडी एक, सहा कॉलम’ असं करू नका. नाहीतर सॉर्ट करता येत नाही.
- कॉलम असे ठेवा: गाडी नंबर, कागदाचा प्रकार, संपण्याची तारीख, उरलेले दिवस, जबाबदार माणूस, कागदाची लिंक.
- ‘उरलेले दिवस’ हाताने लिहू नका. संपण्याच्या तारखेतून आजची तारीख वजा करणारं ‘टुडे’ फंक्शन वापरा. रोज आपोआप बदलेल.
- कंडिशनल फॉरमॅटिंग लावा. ४५ दिवसांच्या आत पिवळा, १५ दिवसांच्या आत लाल.
- तारीख बदलताना जुनी पुसू नका, नवीन ओळ घाला. अपघाताच्या चौकशीत ‘त्या दिवशी काय वैध होतं’ हेच विचारतात.

४५ दिवसच का? पासिंगला अपॉइंटमेंट लागते, गाडी रिकामी करून न्यावी लागते, त्याआधी लायनर, लाईट, रिफ्लेक्टर टेप बघावे लागतात. भाड्यावर निघालेली गाडी त्याच दिवशी बेळगावला असेल तर? म्हणून दीड महिना.

तपासणी कशी होते हेही माहीत असू द्या. पुणे आरटीओच्या जड गाड्यांची ब्रेक टेस्ट दिवे घाटाजवळच्या ट्रॅकवर होते. असा ट्रॅक २५० मीटर लांबीचा असावा हा आग्रह मुंबई उच्च न्यायालयातल्या जनहित याचिकेतून आला. आता याच कामासाठी यंत्रांनी तपासणी करणारी ऑटोमेटेड टेस्टिंग स्टेशन उभी राहतायत. तिथला निकाल थेट डेटाबेसमध्ये जातो, त्यामुळे ‘गाडी न बघता पास’ करायला वाव कमी राहतो.

काका एकदा म्हणाले, “पासिंग झालं की गाडी दोन वर्षं सुटली.” कागदावर बरोबर आहे. पण हिशेब करा. ट्रक रोज २५० किलोमीटर, वर्षाला ३०० दिवस चालला तर दोन वर्षांत दीड लाख किलोमीटर होतात. पासिंग त्यातल्या एका दिवसाचं सांगतं. बाकीच्या दिवसांचं कोण सांगणार?

भाग २: वागणुकीचा डेटा

इथे हार्डवेअर येतं. ट्रकमध्ये साधारण तीन गोष्टी माहिती गोळा करतात.

पहिली, लोकेशन ट्रॅकर. भारतात याचं स्टँडर्ड आहे एआयएस-१४०. हा डबा उपग्रहांवरून जागा आणि वेग काढतो, आपल्या ‘नाविक’ उपग्रहांचाही सिग्नल घेतो, आणि आतल्या सिमकार्डवरून सर्व्हरला पाठवतो. बोगद्यात नेटवर्क गेलं तर माहिती साठवून ठेवतो आणि नंतर पाठवतो. बस, टॅक्सीसारख्या प्रवासी गाड्यांसाठी हा नियम २०१९ पासून लागू झाला. पुढे धोकादायक माल वाहणाऱ्या नव्या गाड्यांनाही ट्रॅकर सक्तीचा झाला. पुणेकरांसाठी खास गोष्ट म्हणजे ‘एआयएस’ नावाची ही सगळी स्टँडर्ड आपल्या कोथरूडच्या टेकडीवरची एआरएआय ही संस्था प्रकाशित करते. तिची स्थापना १९६६ ची. ट्रॅकरच्या पाकिटावर एआयएस-१४० चं सर्टिफिकेट नसेल तर तो फक्त ‘गाडी कुठे आहे’ दाखवणारा डबा समजा.

दुसरी, स्पीड गव्हर्नर. १ ऑक्टोबर २०१५ नंतर बनलेल्या बहुतेक ट्रान्सपोर्ट गाड्यांना ८० चा लिमिटर लागतो. टँकर, डंपर आणि धोकादायक माल वाहणाऱ्या गाड्यांना ६० चा. पण नीट ऐका: गव्हर्नर इंजिनला डिझेल कमी करून वेग रोखतो. उतारावर गाडी न्यूट्रलमध्ये सोडली तर वेग डिझेलमुळे वाढत नाही, वजनामुळे वाढतो. तिथे गव्हर्नर काहीच करू शकत नाही.

तिसरी, गाडीचं स्वतःचं नेटवर्क. नव्या ट्रकमध्ये इंजिन, ब्रेक, गिअरबॉक्सचे छोटे कॉम्प्युटर एकमेकांशी वायरच्या एका जोडीवर बोलतात. त्याला कॅन बस म्हणतात. टाटाचं ‘फ्लीट एज’, अशोक लेलँडचं ‘आय-अलर्ट’ अशा सिस्टिम ही माहिती मालकाच्या फोनवर आणतात. इंजिन किती फेऱ्यांवर आहे, ब्रेक किती जोरात दाबला, डिझेल किती जळलं, सगळं.

उताराचं गणित

आता नवले पुलाकडे परत येऊया. भरलेला ट्रेलर ४० टनांचा धरा. तो १०० मीटर उंचीवरून खाली उतरला तर जी ऊर्जा सुटते ती सुमारे ३९ मेगाज्यूल, म्हणजे विजेची जवळपास ११ युनिट. वेग वाढू द्यायचा नसेल तर ही सगळी ऊर्जा कुठेतरी जिरवावी लागते.

गाडी खालच्या गिअरमध्ये असेल तर बरीचशी ऊर्जा इंजिन आणि एक्झॉस्ट ब्रेक जिरवतात. न्यूट्रल असेल तर सगळा भार ब्रेक ड्रमवर येतो. ड्रम तापतात, लायनरची पकड कमी होते. इंजिनच बंद केलं तर हवा भरणारा कॉम्प्रेसर थांबतो. दर वेळी ब्रेक दाबला की टाकीतली हवा कमी होत जाते, स्टिअरिंगही जड होतं. हवा फार उतरली की स्प्रिंग ब्रेक लागतात, पण तापलेल्या ड्रमवर ते गाडीला लगेच थांबवतीलच याची खात्री नसते. पेपरमध्ये येणाऱ्या ‘ब्रेक फेल’ या दोन शब्दांमागे बरेचदा असं काहीतरी घडलेलं असतं.

गंमत म्हणजे न्यूट्रलने डिझेल वाचतं हा समजही इलेक्ट्रॉनिक डिझेल इंजिनात चुकीचा आहे. गाडी गिअरमध्ये असताना ॲक्सिलरेटर सोडला की इंजेक्टर डिझेल बंद करतात, कारण चाकंच इंजिन फिरवत असतात. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला आयडलिंगचं डिझेल जळतं.

हे सगळं डेटामध्ये स्पष्ट दिसतं. वेग ५०, इंजिनच्या फेऱ्या आयडलिंगच्या किंवा शून्य, आणि रस्ता उताराचा. हे तीन एकत्र दिसले की गाडी न्यूट्रलमध्ये सोडली आहे. त्यासाठी एआय वगैरे काही लागत नाही, एक साधा नियम पुरतो. जो मालक महिन्यातून एकदा हा रिपोर्ट काढतो, त्याला अपघाताच्या आधी कळतं की कोणता ड्रायव्हर कोणत्या घाटात असं करतो.

मग ड्रायव्हरला ओरडायचं? थांबा. आधी आपला हिशेब बघा. अनेक ठिकाणी ट्रिपला डिझेल ठरवून दिलेलं असतं आणि वाचेल ते ड्रायव्हरचं. म्हणजे न्यूट्रलसाठी बक्षीस मालकच देतोय! ॲव्हरेजचा बोनस द्यायचा असेल तर सोबत ‘न्यूट्रल शून्य’ ही अट जोडा.

भाग ३: तब्येतीचा डेटा

हा सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दुर्लक्षित. निघण्याआधी ड्रायव्हरने पाच मिनिटांत करायची तपासणी:

- हवेचं गेज पूर्ण भरतंय का, इंजिन बंद केल्यावर किती वेगाने उतरतंय.
- टायर, नट, मागचे दिवे, रिफ्लेक्टर.
- एक्झॉस्ट ब्रेक चालतोय का.

हे व्हॉट्सॲप ग्रुपवर ‘ओके’ लिहून पाठवायला सांगू नका. तिसऱ्या दिवसापासून झोपेतही ओके येतं. त्याऐवजी गूगल फॉर्म बनवा आणि गेजचा फोटो सक्तीचा ठेवा. फोटोला वेळ असते. लायनर कधी बदलले, किती किलोमीटरला बदलले, हेही त्याच शीटमध्ये लिहा. शेवटच्या बदलापासून किती किलोमीटर झाले हा आकडा पासिंगच्या तारखेपेक्षा जास्त खरं बोलतो.

ड्रायव्हर किती तास चालवतोय?

१९६१ च्या मोटार परिवहन कामगार कायद्याने दिवसाला ८ तास, आठवड्याला ४८ तास, आणि सलग ५ तासांनंतर किमान अर्धा तास विश्रांती अशी मर्यादा ठरवली. मोटार वाहन कायद्याचं कलम ९१ त्याचाच दाखला देतं. सप्टेंबर २०२१ मध्ये केंद्रीय मंत्री नितीन गडकरी यांनीही पायलटप्रमाणे ट्रकचालकांचे तास ठरवायला हवेत असं सांगितलं. मोजायचं कसं हा खरा प्रश्न.

अमेरिकेत डिसेंबर २०१७ पासून बहुतेक ट्रकना इलेक्ट्रॉनिक लॉगिंग डिव्हाइस सक्तीचं आहे. ते इंजिनला जोडलेलं असतं आणि तास आपोआप नोंदवतं. तिथे १० तास विश्रांतीनंतर ११ तासच चालवता येतं. युरोपात टॅकोग्राफ असतो आणि साडेचार तासांनंतर ४५ मिनिटं थांबावंच लागतं. शिवाय अमेरिकेत प्रत्येक ट्रकिंग कंपनीच्या तपासण्या, अपघात, तासांचे भंग यांचा दोन वर्षांचा डेटा सात गटांत मोजला जातो, आणि त्यातला बराचसा भाग कोणीही ऑनलाइन बघू शकतो. माल देणारा आधी कंपनीचं रेकॉर्ड बघतो. आपल्याकडे गाडीची वैधता बघता येते, पण ‘या ट्रान्सपोर्टरचं सुरक्षेचं रेकॉर्ड कसं आहे’ असं एका ठिकाणी बघता येत नाही.

तोपर्यंत एक देशी जुगाड आहे: फास्टॅगचं स्टेटमेंट. पुण्याहून कोल्हापूरला निघालेली गाडी खेड शिवापूर, आनेवाडी, तासवडे, किणी अशी टोलनाके ओलांडते. प्रत्येकाची वेळ स्टेटमेंटमध्ये असते. त्यावरून गाडी कधी थांबली, रात्री किती वाजता कुठे होती, हे दहा मिनिटांत कळतं. हा डेटा तुमच्याकडे आधीच आहे, फुकट आहे.

अलर्ट आला, पुढे काय?

काकांच्या ट्रॅकर ॲपमध्ये मी बघितलं तेव्हा न वाचलेल्या अलर्टची रांग लागली होती. खड्ड्यात आदळलं तरी ‘हार्ड ब्रेकिंग’, बोगद्यात सिग्नल गेला तरी ‘डिव्हाइस बंद’. एवढे अलर्ट आले की माणूस सगळेच बंद करतो. म्हणून तीन नियम:

१. फक्त पाच अलर्ट चालू ठेवा: वेग, न्यूट्रल, हवेचा दाब कमी, सलग ५ तास ड्रायव्हिंग, ट्रॅकरची वायर काढली. तुमच्या सिस्टिममध्ये यातले जे मिळतात ते.
२. प्रत्येक अलर्टला एका माणसाचं नाव. ‘ऑफिस’ हे नाव चालणार नाही.
३. अलर्ट बंद करताना पुरावा. फोन केला तर कधी, लायनर बदलले तर फोटो.

तिसरा नियम मालकांना नको वाटतो, कारण लिहून ठेवलं तर उद्या आपल्यावरच येईल ही भीती असते. पण डेटा सर्व्हरवर आहेच. अपघातानंतर ‘मालकाला तीनदा अलर्ट गेला होता’ हे निघणं आणि ‘मालकाने तीनदा गाडी थांबवून दुरुस्त केली’ हे निघणं, यात मोठा फरक आहे.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

ट्रॅकर म्हणजे ड्रायव्हरवर पाळत नाही का?
गाडीचा डेटा आणि माणसाचा डेटा वेगळा ठेवा. कोणती माहिती घेतली जाते, कोण बघतं, किती दिवस ठेवतात हे ड्रायव्हरला मराठीत किंवा हिंदीत आधी सांगा. वैयक्तिक डेटासाठी देशात २०२३ चा डिजिटल पर्सनल डेटा प्रोटेक्शन कायदा आहे. आणि डेटा ड्रायव्हरच्या बाजूनेही बोलतो. ‘माझी चूक नव्हती, वेग ४० होता’ हे सिद्ध करायला हाच उपयोगी पडतो.

माझ्याकडे एकच टेम्पो आहे. एवढं सगळं हवं का?
नाही. ‘वाहन’मधला मोबाईल नंबर बरोबर करा, सहा तारखा फोनच्या कॅलेंडरमध्ये ४५ दिवस आधीच्या रिमाइंडरसह टाका, आणि लायनर बदलल्याचा किलोमीटर आकडा लिहा.

मी तर टू-व्हीलरवाला. मला याचा काय उपयोग?
सोसायटीत पाण्याचा टँकर येतो, बांधकामावर डंपर येतो, कॉलेजची बस येते. त्यांचा नंबर ‘एमपरिवहन’वर टाकून फिटनेस बघायला एक मिनिट लागतं. पासिंग संपलेला टँकर दिसला तर सोसायटीच्या ग्रुपवर स्क्रीनशॉट टाका आणि कमिटीला सांगा की कागद दाखवल्याशिवाय पुढची ऑर्डर नको. टँकरवाला आरटीओपेक्षा गिऱ्हाईकाला लवकर ऐकतो.

तुमच्या घरी किंवा ऑफिसात ट्रक असेल तर आज एवढंच करा: फास्टॅगचं मागच्या महिन्याचं स्टेटमेंट डाउनलोड करा आणि रात्री १२ ते पहाटे ५ मधल्या नोंदी वेगळ्या काढा. कोणता ड्रायव्हर सलग किती रात्री रस्त्यावर होता ते समोर येईल. पुढची ट्रिप त्याला द्यायची की त्याला झोपू द्यायचं, हे मग तुम्हीच ठरवा.